समुद्राच्या पोटाचा थांग

कारखान्यांची धुराडी, आगगाड्यांची इंजिने आणि घराघरांतील कोळशाच्या शेगड्या हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याचे पुढे काय होते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे उत्तर फारसा विचार न करताच देऊन टाकले होते. तो समुद्रात जातो, असे ते उत्तर होते. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला. वातावरणात जेवढा कार्बन आहे त्याच्या सुमारे पन्नास पट कार्बन त्याच्या पाण्यात आधीच विरघळलेला. त्यात माणसाने आपली ओंजळभर भर घातली तर समुद्राला त्याचे काय, असा हा साधा हिशेब होता. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हा वायू वाढल्यास पृथ्वी तापेल असे गणित मांडले होते. गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने तर १९३८ मध्ये ती वाढ सुरू झाल्याचेही सांगितले. परंतु दोघांच्याही वाटेत समुद्र आडवा आला. तो सारे पोटात घेईल, या विश्वासापुढे त्यांच्या आकडेमोडीला कोणी किंमत दिली नाही.

हा विश्वास ज्याने मोडून काढला तो शास्त्रज्ञ समुद्राचाच अभ्यासक होता आणि सुरुवातीला तोही त्याच विश्वासाचा भागीदार होता. रॉजर रेव्हेल हे त्याचे नाव.

रेव्हेल यांचा जन्म ७ मार्च १९०९ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. बालपण कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गावी गेले. पोमोना महाविद्यालयात शिकताना त्यांना पत्रकार व्हावेसे वाटत होते. पण भूशास्त्राच्या अध्यापकांनी त्यांना असे काही वेड लावले की लेखणी बाजूला राहून हाती दगड आले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. १९३१ मध्ये एलेन क्लार्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ज्या स्क्रिप्स घराण्याच्या देणगीतून ला होया येथील समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली होती, त्या घराण्याशी एलेन यांचे नाते होते. त्याच वर्षी रेव्हेल त्या संस्थेत संशोधन साहाय्यक म्हणून रुजू झाले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या खऱ्या. पण पुढची साठ वर्षे पाहता हे पद त्यांनी सासरच्या पुण्याईवर मिळवले, असे म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही.

त्यांच्या वाट्याला आलेले पहिले काम अगदीच नीरस होते. ‘कार्नेगी’ या संशोधन जहाजाने प्रशांत महासागराच्या तळातून काढलेला चिखल तपासायचा होता. ते जहाज १९२९ साली सामोआ बेटावरील आपिया बंदरात स्फोट होऊन जळून गेले होते. मागे उरला होता तो हा चिखल. त्यातील चुन्याचे प्रमाण मोजताना रेव्हेल यांना समुद्राच्या पाण्यातील कार्बनच्या रसायनशास्त्रात शिरावे लागले. समुद्राच्या पाण्यात आम्ल मिसळले तरी त्याची आम्लता चटकन बदलत नाही, पाणी स्वतःला सावरून धरते, हा गुण त्यांनी त्या वेळी बारकाईने अभ्यासला. १९३६ मध्ये त्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. या अभ्यासाचे महत्त्व पुढची वीस वर्षे कोणालाच कळले नाही, खुद्द रेव्हेल यांनाही नाही.

मध्यंतरी दुसरे महायुद्ध आले आणि रेव्हेल नौदलात गेले. युद्धानंतर १९४६ मध्ये बिकिनी बेटांवर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या, तेव्हा त्यांच्या समुद्रविषयक अभ्यासाची धुरा त्यांच्याकडे होती. पुढे १९५५ मध्ये प्रशांत महासागरात खोल पाण्याखाली अणुस्फोट करण्यात आला. किरणोत्सर्गी पाणी वरखाली सर्वत्र मिसळून विरून जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते एका पातळ थरात, चादर अंथरावी तसे दूरवर आडवे पसरलेले आढळले. समुद्र म्हणजे ढवळलेल्या पाण्याचे एक मोठे पातेले नव्हे. तो एकावर एक रचलेल्या थरांचा बनलेला आहे आणि वरच्या थराची खालच्या थराशी गाठ क्वचितच पडते, ही गोष्ट त्यातून ठळकपणे पुढे आली. वरचे शंभरेक मीटर पाणी वारा आणि लाटा घुसळून काढतात. त्याखालच्या प्रचंड जलराशीपर्यंत पृष्ठभागावरचे पाणी पोहोचून पुन्हा वर यायला शेकडो वर्षे, कोठे कोठे हजाराहून अधिक वर्षे लागतात. पन्नास पट कार्बन साठवणारा समुद्र खरा. पण हवेला हात लावता येतो तो त्याच्या वरच्या सायीलाच.

१९५१ मध्ये रेव्हेल स्क्रिप्स संस्थेचे संचालक झाले. सहा फुटांहून बरीच अधिक उंची, दांडगा उत्साह आणि कागदपत्रांच्या बाबतीत कमालीची बेफिकिरी, असा हा संचालक होता. हाताखाली काम करणाऱ्यांना त्याची भेट मिळणे कठीण जाई. परंतु माणसे हेरण्याची त्याची नजर मात्र अचूक होती. व्हिएन्नाचे हान्स झ्यूस यांना त्यांनी १९५५ मध्ये ला होयाला आणले. नामवंत भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांचे हे नातू. झाडांच्या लाकडातील कार्बन-१४ मोजून त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीत राहिल्याने त्यांतील कार्बन-१४ केव्हाच नष्ट झालेला असतो. त्यांच्या ज्वलनातून निघालेला कार्बन हवेत मिसळला की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होते आणि ती खूण नव्या लाकडात उमटते. म्हणजे जळलेल्या इंधनाचा काही अंश तरी हवेत राहत होता. किती, हा प्रश्न होता.

रेव्हेल आणि झ्यूस यांनी मिळून तो सोडवायला घेतला. त्यांचा लेख १९५७ मध्ये ‘टेलस’ या स्वीडिश नियतकालिकात आला. कार्बन-१४ च्या मोजमापांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की कार्बन डायऑक्साइडचा एखादा रेणू समुद्रात शिरण्यापूर्वी हवेत सरासरी दहा वर्षे राहतो. दहा वर्षे म्हणजे निसर्गाच्या पंचांगात काहीच नव्हे. जुन्या विश्वासाला यामुळे पुष्टीच मिळत होती. वायू भराभर समुद्रात जात आहे, मग काळजी कसली? लेखाचा बराचसा भाग याच समजुतीने लिहिला गेला होता.

आणि मग रेव्हेल यांना आपला जुना चिखल आठवला असावा. जपून ठेवलेल्या हस्तलिखितात एक मजकूर वेगळ्या प्रकारच्या कागदावर टंकलिखित करून मागाहून चिकटवलेला दिसतो. त्या थोड्या ओळींनी साऱ्या लेखाचा अर्थ बदलला.

त्या ओळींत काय होते, ते समजून घेण्यासाठी थोडे रसायनशास्त्र आवश्यक आहे. कार्बन डायऑक्साइड साखरेसारखा नुसता पाण्यात विरघळून बसत नाही. पाण्याशी त्याचा संयोग होऊन कार्बोनिक आम्ल बनते आणि समुद्रात आधीच असलेले कार्बोनेटचे कण त्याला पकडून बायकार्बोनेटमध्ये बदलतात. समुद्रातील विरघळलेल्या कार्बनपैकी सुमारे नव्वद टक्के या बायकार्बोनेटच्या रूपात असतो. एक टक्क्याहूनही कमी भाग मूळ वायूच्या रूपात राहतो आणि हवेशी देवघेव चालते ती फक्त त्याची. आता कार्बोनेटचा साठा मर्यादित आहे. नवा वायू आला की तो थोडा खर्च होतो. तो खर्च झाला की पुढच्या वायूला पकडणारे कण कमी उरतात, पाणी किंचित आम्लाकडे झुकते आणि आलेला वायू पुन्हा हवेत सोडून देण्याकडे त्याचा कल वाढतो. हवेतील वायू दहा टक्क्यांनी वाढला तर पृष्ठभागाच्या पाण्यातील एकूण कार्बन वाढतो तो जेमतेम एक टक्क्याने. म्हणजे ढोबळ हिशेबाने समुद्राच्या वरच्या थराची जी भूक धरली गेली होती, ती दसपट फुगवलेली होती.

मग दहा वर्षांच्या त्या आकड्याचे काय? तो खोटा नव्हता. एस.टी.च्या गाडीत प्रत्येक थांब्यावर माणसे चढतात आणि तितकीच उतरतातही. किती चढली हे मोजून गाडीत किती मावली हे कळत नाही. रेणू समुद्रात लवकर शिरत होते. पण त्यांच्या बदली दुसरे रेणू तितक्याच लवकर बाहेरही पडत होते. ये-जा किती वेगाने होते हा एक प्रश्न आणि निव्वळ भर किती पडते हा दुसरा. शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षे या दोहोंची गल्लत केली होती.

याच लेखात रेव्हेल यांनी असेही सुचवले की, खडकांत कोट्यवधी वर्षे साठलेला कार्बन काही शतकांत हवेत आणि समुद्रात परत पाठवून मानवजात एक अवाढव्य प्रयोग करीत आहे आणि असा प्रयोग पुन्हा होणे नाही. हा विचार पुढे जगभर इशारा म्हणून सांगितला गेला. प्रत्यक्षात त्या वेळी त्यामागे भीतीपेक्षा संशोधकाचे कुतूहलच अधिक होते. शिवाय आपल्याच शोधाचे पूर्ण वजन रेव्हेल यांच्या लक्षात आले होते असेही म्हणता येत नाही. इंधनाचे ज्वलन त्या काळच्याच दराने चालत राहील असे त्यांनी हिशेबात धरले होते आणि त्यामुळे भावी वाढ त्यांना बेताची वाटली. तो दर पुढे चौपटीहून अधिक वाढला. बर्ट बोलीन आणि एरिक एरिक्सन या स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हेच रसायनशास्त्र घेऊन, वाढते ज्वलन आणि समुद्राचे थर दोन्ही ध्यानात धरून गणित केले, तेव्हा २००० सालापर्यंत हवेतील वायू सुमारे २५ टक्क्यांनी वाढेल असे उत्तर आले. ते वास्तवाच्या बरेच जवळ ठरले. ज्याने दार उघडले तोच उंबरठ्यावर थबकला आणि आत दुसरे गेले, असे विज्ञानात अनेकदा घडते.

गणित कोणतेही असो, मोजमापाशिवाय ते अधांतरी होते. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून साजरे होणार होते. त्याच्या निधीतून रेव्हेल यांनी चार्ल्स कीलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाला १९५६ मध्ये स्क्रिप्समध्ये बोलावले. रेव्हेल यांच्या मनात होते ते एवढेच, की जगभरच्या हवेची आणि समुद्राची एकदा मोजणी करावी आणि काही दशकांनी ती पुन्हा करून फरक पाहावा. कीलिंग यांचा हट्ट वेगळा होता: एकाच जागी, अत्यंत अचूक उपकरणाने, न थांबता मोजायचे. मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१३ भाग होते. २०२४ मध्ये वार्षिक सरासरी ४२४ भागांच्या वर गेली. या नोंदीचे श्रेय कीलिंग यांचेच. परंतु त्यांना हेरणारा आणि पैसा उभा करणारा माणूस रेव्हेल होता.

रेव्हेल यांचा भारताशी संबंध याच काळात जडला. १९५७ मध्ये समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. समितीने पुढील काळासाठी जे मोठे प्रश्न निवडले त्यांत समुद्र आणि हवामान यांचे नाते व वाढता कार्बन डायऑक्साइड हा एक होता. समुद्रातून भुकेल्या जगाला प्रथिने मिळतील का, हा दुसरा. या प्रश्नांसाठी जो महासागर सर्वांत कमी अभ्यासलेला होता तो निवडण्यात आला. तो होता हिंदी महासागर. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत निरनिराळ्या देशांची सुमारे ४० जहाजे उतरली. भारतीय नौदलाचे ‘किस्टना’ हे जहाजही त्यांत होते. मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी, भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्यात दोना पावला येथे समुद्राकाठच्या टेकडीवर तिचे मुख्यालय आहे.

त्याच सुमारास रेव्हेल दुसऱ्याही वाटेने भारतात आले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगावर १९६४ ते १९६६ या काळात जे परदेशी सदस्य होते, त्यांत त्यांचा समावेश होता. कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव. दहा अधिक दोन अधिक तीन या शिक्षणाच्या आकृतिबंधातून गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की त्या अहवालाखाली एका समुद्रशास्त्रज्ञाचीही सही होती.

तोवर मायदेशी त्यांचे एक स्वप्न भंगले होते. ला होयाच्या पठारावर पहिल्या प्रतीचे विद्यापीठ उभारावे म्हणून त्यांनी अनेक वर्षे झगडा केला. त्या गावात ज्यू कुटुंबांना घरे विकू नयेत असा जमीनदलालांचा अलिखित संकेत होता. विद्यापीठ हवे असेल तर ही पद्धत चालणार नाही, असे रेव्हेल यांनी गावाला स्पष्ट बजावले. विद्यापीठाच्या नियामक मंडळातील एका वजनदार सदस्याशीही त्यांचे खटके उडाले. १९६० मध्ये सॅन दिएगोचे विद्यापीठ अस्तित्वात आले. पण १९६१ मध्ये त्याचे पहिले कुलगुरू म्हणून नाव जाहीर झाले ते हर्बर्ट यॉर्क यांचे. हा घाव रेव्हेल यांच्या जिव्हारी लागला. काही काळ त्यांनी वॉशिंग्टनमध्ये शासनाचे विज्ञान सल्लागार म्हणून काम केले आणि १९६४ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकसंख्या अभ्यास केंद्राचे संचालक झाले. पाकिस्तानातील पाणथळ व खारवट जमिनी, गंगेच्या खोऱ्यातील पावसाचे पाणी भूगर्भात साठवण्याची कल्पना, असे विषय त्यांनी हाताळले. समुद्राचा माणूस शेताच्या बांधावर आला होता.

कार्बनचा विषय मात्र त्यांनी सोडला नाही. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या विज्ञान सल्लागार समितीने प्रदूषणावर अहवाल दिला. त्यातील कार्बन डायऑक्साइडवरील भाग रेव्हेल यांच्या अध्यक्षतेखालील गटाने लिहिला आणि हवामानबदलाचा धोका अमेरिकेच्या शासनापुढे प्रथमच अधिकृतपणे मांडला गेला. गंमत अशी, की उपाय म्हणून त्यात चर्चा होती ती समुद्रावर प्रकाश परावर्तित करणारे कण पसरण्याची; इंधन कमी जाळावे हा विचार त्यात नव्हता. हार्वर्डमधील त्यांच्या वर्गात त्या काळी अल् गोर नावाचा एक विद्यार्थी बसत असे. कीलिंग यांचा चढता आलेख त्याने तेथेच पाहिला आणि पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावरही तो त्याविषयी सांगत राहिला.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास रेव्हेल सॅन दिएगोला परतले आणि अखेरपर्यंत शिकवत राहिले. १९९० मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १५ जुलै १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या तीन महिने आधी फ्रेड सिंगर आणि चॉन्सी स्टार यांच्यासह त्यांच्या नावाने एक लेख प्रसिद्ध झाला होता. हवामानबदलावर कठोर उपाय योजण्याची घाई नको, असा त्याचा सूर होता. १९९२ च्या निवडणुकीत गोर यांच्या विरोधकांनी तो उचलून धरला. त्या लेखात आजारी रेव्हेल यांचा वाटा किती, यावरून वाद कोर्टापर्यंत गेला. स्वतः रेव्हेल खुलासा करायला उरले नव्हते.

त्यांच्या पश्चात त्या जोडलेल्या ओळींचे मोल वाढतच गेले. हवेतील वाढ आणि पाण्यातील वाढ यांच्या गुणोत्तराला आज ‘रेव्हेल गुणक’ म्हणतात. तो सर्वत्र सारखा नसतो. उष्ण कटिबंधातील पाण्यात तो आठ-नऊच्या आसपास, तर ध्रुवांकडील थंड पाण्यात तेरा-चौदाच्या पुढे असतो. गुणक जितका मोठा तितकी समुद्राची तयारी कमी. औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून तो सुमारे एकाने वाढला आहे. १८०० ते १९९४ या काळात समुद्राने माणसाने सोडलेला सुमारे ११८ अब्ज टन कार्बन पोटात घेतला, असा अंदाज २००४ मध्ये मांडण्यात आला. दर वर्षी घेतला जाणारा वाटाही वाढला आहे. १९६० च्या दशकात तो एक अब्ज टनांच्या किंचित वर होता, २०१४ ते २०२३ या दशकात सुमारे २.९ अब्ज टन झाला. मानवी उत्सर्जनाचा हा चौथा हिस्सा होय. समुद्राची भूक वाढली म्हणून हे घडले नाही. हवेतील वायूचा दाब वाढत चालल्याने त्याच्या घशाखाली अधिक उतरत आहे. त्याची किंमत कार्बोनेटच्या रूपाने मोजली जात आहे. पृष्ठभागाच्या पाण्याचा पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला असून, शंख-शिंपले आणि प्रवाळ यांना घरे बांधायला हेच कार्बोनेट लागते.

हा वाटा दर वर्षी एकसारखा चढत नाही, हेही लक्षात आले आहे. एल निनोच्या वर्षी प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात खालचे कार्बनयुक्त पाणी वर येणे मंदावते, त्यामुळे समुद्र कमी वायू बाहेर टाकतो. १९९० च्या दशकात अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराचे शोषण रेंगाळले आणि २००० नंतर पुन्हा जोमाने सुरू झाले. वारे, तापमान आणि वर येणारे खोल पाणी यांचा तो खेळ होता. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, आणि तापलेला वरचा थर खालच्या थराशी मिसळायला अधिकच नाखूष असतो. म्हणून पुढील काळाची चिंता आहे.

कोकण-गोव्याच्या दारातला अरबी समुद्र तर या बाबतीत उलट्या चालीचा आहे. दोना पावलाच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात त्याची कसून मोजणी केली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला तो ‘टेलस’मध्येच. मध्य आणि पूर्व अरबी समुद्र वर्षभर हवेला कार्बन डायऑक्साइड देतच असतो. मान्सूनचे वारे पृष्ठभागाचे पाणी बाजूला लोटतात आणि खालून येणारे पाणी जुना कार्बन घेऊन वर येते. सारेच समुद्र घेणारे नसतात.

१९९६ साली अमेरिकी नौदलाने बांधलेले ‘रॉजर रेव्हेल’ हे संशोधन जहाज स्क्रिप्स संस्थेच्या ताब्यात आले. २००७ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये ते हिंदी महासागरातून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत आले. ठरलेल्या रेषेवर थांबत थांबत त्याने पृष्ठभागापासून तळापर्यंतचे पाणी बाटल्यांत भरून घेतले आणि प्रत्येक थरात आधीच्या खेपेपेक्षा किती कार्बन वाढला, ते मोजले.